अठरा तारीख

रुचिताचा मेसेज आला तेव्हा मी एका जहाजाची वाट बघत होते. धक्क्यावर उभी राहून नाही. बॅलार्ड इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर, एक चाक मोडलेल्या खुर्चीत बसून. बंदरातून लोकांचा माल सोडवून देणाऱ्या एजन्सीत मी सात वर्षं काम करते आणि माझं कामच तारखांचं आहे. जहाज कधी लागणार, कंटेनर कधी उतरणार, कागद कुठल्या दिवसाच्या आत दाखल व्हायला हवेत. तारीख चुकली की पार्टी ओरडते, म्हणून मी तारखा चुकवत नाही. रुचिता म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, धनेशची बायको. तिनं लिहिलं होतं, ताई, तुमची अडचण मे महिन्यात कितीला येईल, आत्या विचारतायत, रविवारी चौलचे पाहुणे आणि भटजी लग्नाची तारीख काढायला येणार आहेत, लगेच कळवा. मी वाचलं. समोर स्क्रीनवर कोलंबोहून येणाऱ्या जहाजाची तारीख होती, अठरा मे. मी लिहिलं, अठरा. पाठवून दिलं. रुचितानं उत्तरादाखल एक अंगठा आणि एक गुलाब पाठवला. मग मी त्या जहाजाचं काम पुरं केलं, डबा खाल्ला, बेसिनवर डबा धुतला, आणि झाकण लावताना माझ्या ध्यानात आलं की आपण काय केलंय. मला गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून पाळी आलेलीच नव्हती.

घाबरायला हवं होतं. मी थोडा वेळ थांबून बघितलं, भीती येते का. आली नाही. डिसेंबरपासून माझं हे असं झालंय. परळच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली, मग कागद एकावर एक ठेवून विचारलं, वय? मी म्हटलं, एकतीस. लग्न? ठरतंय. त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, तुमची अंडाशयं वेळेच्या फार आधी दमलीत, काही जणींचं होतं असं, कारण सापडत नाही, तुमची काही चूक नाही. मूल होण्याची शक्यता जवळजवळ नाही. अगदीच नाही असं मी म्हणत नाही, पण त्या आशेवर राहू नका. हाडांसाठी गोळ्या लिहून देते. आणि मनाला लावून घेऊ नका. त्यांचं हे शेवटचं मी फारच नीट ऐकलं. मनाला काही लागलंच नाही. मी खाली उतरले, कोपऱ्यावर उसाचा रस घेतला, बर्फ कमी टाका म्हटलं, त्यानं जास्तच टाकला, मी प्यायले. रसात आलं होतं, लिंबू होतं, हे आजही जिभेवर आहे. पण डॉक्टरीणबाईंनी कुठल्या रंगाची साडी नेसली होती, की ड्रेस होता, काही आठवत नाही. हॉस्टेलवर येऊन मी कपडे भिजवले. लोक म्हणतात, असं काही कळलं की पायाखालची जमीन सरकते. माझी जमीन जागेवर होती, मीच तिच्यावर नीट उभी नव्हते एवढंच. गावाकडच्या आमच्या खाडीकाठच्या खाजणात एकदा बांध फुटून समुद्राचं पाणी शिरलं होतं, त्या शेताची उपमा मला तेव्हा सुचली होती. पण ते शेत दहा वर्षांनी गोडं झालं आणि आता त्यात भात पिकतं, त्यामुळे ती उपमाही माझ्या कामाची नाही.

साखरपुडा माघात झाला. म्हणजे डिसेंबरनंतर. हे मी कुणापासून लपवलं म्हणावं, तर लपवायला जो एक नेट लागतो तोही मी लावला नाही. आईनं हिरवी साडी काढून ठेवली, मी नेसले. पाट मांडला, बसले. प्रज्योतनं अंगठी घालताना आधी माझं चुकीचंच बोट धरलं, ते बघून मला त्याची दया आली आणि पाठोपाठ बरंही वाटलं. तो चौलचा. घरची सुपारीची वाडी आहे, आणि न्हावा शेव्याला त्याचे दोन ट्रेलर चालतात. पहिल्या भेटीत इतर मुलं विचारतात तसं आवडीनिवडी त्यानं विचारलं नाही. मी कुठे काम करते हे कळल्यावर त्यानं विचारलं, बंदराच्या गेटवर तीन-तीन दिवस आमची गाडी उभी राहते, त्यात तुमच्या ऑफिसचा काय हात असतो? मी म्हटलं, बराच असतो. तो हसला. तेव्हापासून आम्ही फोनवर कंटेनरबद्दलच बोलत आलोय. रात्रीचं जेवण झालं की तो फोन करतो आणि सांगतो, आज अमुक यार्डात सील तुटलं, आज ड्रायव्हरनं गाडी उरणच्या चिखलात घातली. माझ्या आयुष्यात हे सगळं समजणारा दुसरा माणूस नाही. सरळच सांगते, मला तो आवडतो. बधिर झालेल्या जबड्यावर बोट फिरवलं की बोटाला कळतं पण जबड्याला कळत नाही, तसं ते आवडणं होतं, पण होतं. आणि म्हणूनच त्याला सांगायला हवं होतं. लग्नाची तारीख ठरायच्या आत सांगायचं, की ठरू द्यायची आणि गप्प बसायचं, एवढाच माझ्यापुढे प्रश्न होता. आज सांगू, या शुक्रवारी सांगू, असं म्हणत एप्रिल आला. तारखा न चुकवणारी मी.

शनिवारी दुपारी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरली. सात वर्षं महिन्याच्या एखाद्या शनिवारी धरते, सोमवारी पहिल्या लाँचनं परत येते. वरच्या मजल्यावर मुंबईची मंडळी पक्ष्यांना गाठ्या टाकत होती आणि पक्षी लाँचच्या मागे ओरडत येत होते. मी खाली इंजिनाजवळ बसले. तिथे बोलणं ऐकू येत नाही, डोक्यात कुणी बोललं तर तेही ऐकू येत नाही. तरी मनुआत्या डोक्यात आली. मनुआत्या, म्हणजे मनुबाई, माझ्या बाबांची मोठी बहीण. मी जन्मले त्या वर्षी ती सासरहून परत आली, एक पत्र्याची पेटी घेऊन. अकरा वर्षं संसार करून मूल झालं नाही, नवऱ्यानं दुसरी केली. तेव्हापासून ती आमच्याच घरात आहे. लहानपणी मला वाटायचं, प्रत्येक घरात अशी एक आत्या असते. लग्नाकार्यात तिला ओटी भरायला कुणी बोलवत नाही, हळदीला हात लावायला बोलवत नाही. तिचा नवरा पेणकडे धडधाकट जिवंत असूनही. ती स्वतःच आधी उठून आत जाते आणि दोनशे माणसांच्या भाताच्या अंदाजाला लागते. कुणी अपमान केला असं कधी झालं नाही. तशी वेळच ती येऊ देत नाही. आणि घरातल्या सगळ्या बायकांच्या तारखा तिच्या डोक्यात असतात. आईच्या होत्या, रुचिताच्या आहेत, शेजारच्या दोन घरांच्याही असतात. सत्यनारायण कधी घालायचा, गौरीला कुणी नैवेद्य करायचा, ते तिला विचारून ठरतं. मी बारा वर्षांची असताना, भाताची झोडणी चालू होती त्या दिवसांत, तिनंच मला खळ्यातून उचलून मागच्या पडवीत नेलं, कापड दिलं, गूळ दिला, आणि म्हणाली की आता तुझी तारीख मी सांभाळीन, तू अभ्यास कर. तिनं खरंच सांभाळली. मला स्वतःला आठवायची गरज कधी पडली नाही.

मुंबईला गेल्यावर तिचा माझ्यावरचा ताबा सुटला, पण गेल्या गणपतीत तिनं मला पकडलं. मोजून म्हणाली, गौरीच्या दिवशीच येते बघ तुझी. तोवर मला सात महिने आली नव्हती आणि मी डॉक्टरकडे गेलेही नव्हते. कामाची दगदग, मुंबईचं पाणी, अशी कारणं माझी मलाच देत होते. आत्याला काय सांगावं ते सुचलं नाही. गौरीच्या सकाळी मी म्हटलं, आली. आणि मागच्या खोलीत चटईवर जाऊन बसले. पाच दिवस. वेगळं ताट, वेगळा तांब्या. बाहेर रुचिता गौरीला तेरडा वाहत होती, बायका फेर धरून नाचत होत्या, आई सारखी दारापर्यंत येऊन, काही हवं का, विचारून जात होती, आणि मी नसलेल्या पाळीत बसून मोबाइलवर जहाजं बघत होते. खोटं बोलल्याचं वाईट वाटलं नाही. उलट इतकी विश्रांती मला वर्षात मिळाली नव्हती. तिसऱ्या दिवशी आत्यानं पाठीला तेल लावून दिलं, दुखत असेल म्हणून. तिच्या हाताखाली मात्र मला चोरट्यासारखं झालं होतं. लाँच रेवसला लागली तेव्हा ओहोटी होती, फळीवरून उतरताना एका म्हाताऱ्या बाईनं माझा दंड धरला आणि थेट रिक्षापर्यंत सोडला नाही.

रविवारी दहाच्या सुमाराला चौलची मंडळी आली. प्रज्योत, त्याची आई रंगूबाई आणि एक काका. आमचे बाबा, दिनानाथ, पांढरा सदरा घालून सकाळपासून ओटीवर बसले होते, शेजारी धनेश. भटजींनी पंचांग उघडलं. पुरुष बाहेर, बायका माजघरात, मधे उघडं दार. असल्या बैठकीत बायका बाहेर येत नाहीत आणि बाहेरचं एकही अक्षर त्यांच्या कानावरून जात नाही. भटजी म्हणाले की मेच्या सतरापर्यंत काही नाही, पण एकोणीस, वीस, एकवीस असे तीन दिवस ओळीनं सुरेख आहेत, त्यातही एकोणीस म्हणजे सोनंच. काकांनी मांडीवर थाप मारली. प्रज्योतचा धाकटा भाऊ दिपेश बोटीवर कामाला आहे, तो बावीसला विमानानं जाणार आणि नऊ महिन्यांनी येणार. एकोणीसला केलं तर त्याच्या हातून सगळं होईल. तेवढ्यात आत्यानं आतून बाबांना हाक मारली. बाबा आत आले, तिनं त्यांच्या कानात सांगितलं. बाबा बाहेर गेले, पंख्याकडे बघत बसले, आणि म्हणाले, ते सोळा ते तेवीस जरा सोडून बघा. भटजींनी का म्हणून विचारलं नाही. काकांनी विचारलं नाही. सगळे एकदम पंख्याकडे बघायला लागले. कुणीही नाव न घेता माझी पाळी त्या ओटीवर पाच पुरुषांच्या मधे मांडली गेली आणि सगळ्यांना नीट दिसली. एरवी मला हसू आलं असतं. मी आत चहाचे कप मोजत होते. भटजी म्हणाले, मग एकदम अठ्ठावीस. काका बाहेर म्हणाले, म्हणजे दिपेश काही लग्नाला नसेल.

माजघरात रंगूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला, पण लगेच त्यांनी तो सावरला. दिपेश नसला तरी चालेल, म्हणाल्या, पोरीच्या अंगाला त्रास नको. मला वाटलं, या बाईनं जरा चिडायला हवं होतं. आत्यानं सुचवलं की हल्ली गोळ्या मिळतात पुढे ढकलायच्या, मेडिकलमधे नुसतं लग्नाचं म्हटलं की देतात, रुचितानंही सत्यनारायणाला घेतली होती. तर आई, जी कधी पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही, ती एकदम म्हणाली की नको, त्या गोळ्यांनी पोट बिघडतं, पलीकडच्या रचनानं लग्नात घेतली आणि पुढे तीन वर्षं तिला दिवस राहिले नाहीत. आईचा हात माझ्या पाठीवर होता. रंगूबाईंनी तिला दुजोरा दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "गोळी नको न् काय नको. दिपेश काय, येल नव महिन्यानी. मना पुडल्या वरसाला नातू पायजे."

सगळ्या हसल्या. मीही हसले, माझं हसू मला कानात ऐकू आलं, बरं जमलं होतं. एका नसलेल्या गोष्टीला वाट करून द्यायला सगळी माणसं सरकून बसत होती. माझ्या अठरा तारखेनं एक सोन्याचा दिवस घालवला, एक भाऊ लग्नाला मुकवला, आणि जे मूल होणार नाही त्याच्यासाठी माझी आई आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांशी बोलली. हे सगळं मला समजत होतं, ओळीनं, ऑफिसात एखादी फाइल समजते तसं. पण आत काही हलत नव्हतं. मी कप घेऊन बाहेर गेले. प्रज्योतनं कप घेतला आणि बाबांना विचारलं की उघाडी बघून येऊ का, परवा तुम्ही म्हणत होता नवी दारं बसवली. उघाडी म्हणजे खारबांधातलं झडपेचं दार, भरतीचं पाणी आत येऊ नये आणि शेतातलं बाहेर जावं म्हणून असतं ते. बाबांनी आयुष्यभर त्या दाराची राखण केली, त्यामुळे त्यांना फार बरं वाटलं. जागृती दाखवील, म्हणाले. काका गालात हसले. उन्हाचं कसलं दार बघायचं असतं ते त्यांना समजलं होतं.

बांधावर दोघं पुढे-मागे चालत होतो, शेजारी शेजारी चालायला वाट नाही. एका अंगाला खाडी, चिखल सुकून भेगाळलेला. पलीकडे करंजाच्या बाजूला मोठ्या बोटी उभ्या. सवयीनं मी त्यांचे डेक बघितले, माल आहे का ते. उघाडीपाशी आलो. प्रज्योतनं दाराकडे बघितलंसुद्धा नाही. तो म्हणाला, एक विचारायचंय, राग मानू नका. दिपेश आणि मी एका ताटात जेवून वाढलो, वडील गेल्यावर त्याला मीच शिकवलं. गोळीचं ते आई नको म्हणते, पण एकदा घेतल्यानं खरंच एवढं काही होतं का, मुंबईच्या डॉक्टरना विचारता येईल का. हे बोलताना त्याचे कान लाल झाले होते. बायकांच्या या गोष्टीबद्दल आमच्याकडचा पुरुष आपल्या होणाऱ्या बायकोशी बोलतो, हे मी पहिल्यांदाच बघत होते. इतका लाजलेला आणि इतका सरळ माणूस. मला हो म्हणता आलं असतं. घेते गोळी, एकोणीस धरा. किती सोपं होतं. न येणारी गोष्ट येणारच नव्हती, सगळे सुखी झाले असते, आणि पुढचं पुढे. त्या हो-च्या मी इतकी जवळ होते की तोंड उघडलं होतं.

"गोळीची गरज नाही," मी म्हटलं. "मला येतच नाही. चौदा महिने झाले."

त्याला कळलं नाही. बरं नाही का, म्हणाला. मग मी सगळं सांगितलं. परळ, दोन तपासण्या, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत. मूल होण्याची शक्यता जवळजवळ नाही, हेही. अठरा कुठून आली ते सांगितलं, कोलंबोचं जहाज. एखाद्या पार्टीला तिच्या मालाचं काय झालं ते सांगावं तशा आवाजात मी बोलत होते, तो आवाज मला बदलता येत नव्हता. त्यानं मधे एकदाही थांबवलं नाही. खिशातून रुमाल काढून मान पुसली, रुमालाची घडी घातली, परत उलगडली. मग म्हणाला,

"कधी कळलं तुम्हाला?"

"डिसेंबरात."

"साखरपुडा माघात झाला," तो म्हणाला.

मी हो म्हटलं. तो विचारत नव्हता, तरी म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मला धरायला काही मिळालं असतं. तो फक्त दमल्यासारखा दिसत होता, गेटवर तीन दिवस उभ्या राहिलेल्या ड्रायव्हरसारखा. कोणाला माहीत आहे, त्यानं विचारलं. कुणालाच नाही, मी म्हटलं, घरीसुद्धा नाही. त्यानं मान हलवली. रुमाल खिशात ठेवला आणि म्हणाला, चला, उन्हात नका उभ्या राहू. परतीच्या वाटेवर तो पुढे होता आणि बांध जिथे खचलाय तिथे थांबून, मागे न बघता, त्यानं मला धरायला हात मागे केला. मी धरला. पलीकडे गेल्यावर त्यानं तो सोडवून घेतला, हळूच.

आम्ही आलो तोवर बाहेर अठ्ठावीसवर सुपारी ठेवायची तयारी चालली होती. प्रज्योत काकांच्या शेजारी बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "दिपेशबिगर मी बोहल्यावर उभा राहनार न्हाय. तो येऊ दे. माघात बघू." काका म्हणाले, अरे पण साखरपुडा होऊन वर्ष होईल. होऊ दे, तो म्हणाला. बाबांनी माझ्याकडे बघितलं; मी खाली बघितलं, आणि ते त्यांना लाजणं वाटलं असावं, कारण ते पोराची मर्जी म्हणून हसले. मग सगळ्यांनाच ते पटत गेलं. भावाची आस आहे पोराला. वर पोरीच्या अडचणीचा प्रश्नही सुटला, घाई नाही, गर्दी नाही. भटजींनी पंचांग मिटलं आणि सगळे जेवायला बसले. रंगूबाई निघताना मला जवळ घेऊन म्हणाल्या, नऊ महिने काय, बघता बघता जातील. प्रज्योतनं आजवर दर वेळी निघताना मला म्हटलं होतं, फोन करतो. आज तो म्हणाला, येतो. सगळ्यांनाच म्हणतात तसं. गाडी आमच्या गल्लीतून मागे घेताना त्यानं आरशात बघितलं, पण ते गाडी मागे घ्यायला कुणीही बघतं.

तो वाईट वागला नाही, हे मी पुनःपुन्हा स्वतःशी म्हणत होते. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही, माझी लाज राखली, दारं आपटली नाहीत. माघ येईल, तोवर काहीतरी कारण निघेल, ट्रेलरचं, तब्येतीचं, आणि गोष्ट आपोआप विरून जाईल. कदाचित त्याला खरंच वेळ हवा असेल, असंही एक मन म्हणालं. त्या मनाकडे मी फारसं लक्ष दिलं नाही. सांगायचं होतं ते सांगितलं होतं. मोकळं वाटायला हवं होतं. मी खरकटी भांडी मागच्या दारी नेऊन ठेवली आणि सैपाकघरात आले. आत्या उरलेले तांदूळ सुपात घेऊन बसली होती, खडे निवडत. बाहेर ओटीवर आई, रुचिता आणि धनेश गप्पा मारत होते. आईचं हसू ऐकू येत होतं. ती फार दिवसांनी अशी हसत होती. आत्या म्हणाली की पोरगा लाखात एक मिळाला, भावासाठी थांबला आणि तुझ्यासाठीही थांबला, असा नवरा मिळायला नशीब लागतं. मी तिच्या समोर जमिनीवर बसले.

आत्या, तो थांबला नाही, मी म्हटलं, तो गेला. आणि तिला सांगितलं. आता दुसऱ्यांदा सांगत होते, त्यामुळे कमी शब्द लागले. गौरीतलं खोटंही सांगितलं. तिचे हात सुपात तसेच राहिले. डॉक्टरचं काही तिनं विचारलं नाही, औषधाचं नाही, तुला काय वाटतं तेही नाही. म्हणाली, त्याला तू सांगितलंस? तुझ्या तोंडानं? मी हो म्हटलं. त्यानं विचारलं होतं? नाही, मी म्हटलं. तिनं सूप जवळ ओढलं. माझ्या जन्मापासून ती या घरात आहे आणि सासरच्या त्या अकरा वर्षांबद्दल तिच्या तोंडून मी कधी एक वाक्य ऐकलं नव्हतं. आम्ही विचारलं नाही, तिला त्रास होईल म्हणून. ते दिवस तिनं कधीच पुसून टाकले असतील, असं मी धरून चालले होते.

"चौथ्या वर्साला मना समाजला व्हता," ती म्हणाली. "बाईला समाजतंय. मी बोल्ले न्हाय. बोल्ले असते त तवाच पेटी बांदली असती त्यानी. अकरा वर्सा नांदले मी. त्याच्या ताटान भात वारला, त्याच्या संगती जत्रंला गेले, तापान व्हता तवा उशाला बसले. शेवटाला काय झाला तो सोरून दे. अकरा वर्सा मिलाली मना." तिनं एक खडा उचलून चुलीमागे टाकला. "तू त येक दिस बी न्हाय घेतलास, पोरी."

मी बरोबर वागले, असं मला तिला सांगायचं होतं. खोट्यावर संसार होत नाही, हल्ली तसं कुणी करत नाही, तो किती चांगला माणूस आहे आणि त्याला फसवणं किती वाईट. हे सगळं खरं होतं आणि माझ्या तोंडातून त्यातलं काही निघेना. मला त्याचा ताप आठवला, जो मी कधी बघितला नव्हता. जेवताना तो भात आधी घेतो की भाकरी, हे मला माहीत नव्हतं. झोपताना दिवा ठेवतो की घालवतो, माहीत नव्हतं. एक दिवससुद्धा नाही. मला दुखलं, खूप दुखलं, डिसेंबरपासून पहिल्यांदाच, आणि मी तोंडावर पदर धरायला गेले तर अंगावर ड्रेस होता, पदर नव्हता. मी मोठ्यानं रडले. बाहेर आई कशालातरी हसत होती. आत्यानं सूप बाजूला ठेवलं, उठली, आणि आवाज ओटीवर जाऊ नये म्हणून सैपाकघराचं दार आतून लावून घेतलं.